युद्ध होणार का, हे विचारण्याआधी: सीमेवरच्या तणावाची बातमी कशी वाचायची

सीमेवर काही घडलं की आमच्या सोसायटीत पहिला फोन मला येतो. मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, घर देवळाली कॅम्पला, त्यामुळे लोकांना वाटतं की सुभेदारसाहेबांकडे आतली खबर असणार. ती माझ्याकडे नसते, आणि निवृत्त माणसाकडे ती नसावीच. माझ्याकडे आहे ती बातमी वाचायची एक पद्धत. नोकरीत असताना ती अंगवळणी पडली आणि आजही मी तीच वापरतो. ज्यांना हातात वही धरून दहा मिनिटं बसायची तयारी आहे, त्यांच्यासाठी ती इथे लिहितोय.

विचारणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी ठरवायचं असतं. शेजारच्या वहिनींचा मुलगा अग्निवीर आहे. त्यांना ठरवायचं असतं की आज त्याला फोन करावा की न करावा. निफाडच्या माझ्या मावसभावाला द्राक्षांचा कंटेनर भरायचा की थांबायचं हे ठरवायचं असतं. ज्याला काहीच ठरवायचं नाही त्याने टीव्ही बघितला काय, न बघितला काय. पण ज्याचा जीव किंवा पैसा अडकलाय, त्याला चढ्या आवाजातल्या बातमीचा काडीचा उपयोग होत नाही.

वहीत चार रकाने आखा

पान आडवं धरा आणि चार रकाने करा. बोलले. बंद केलं. हलवलं. मारलं. डावीकडे तारीख. दिवसभरात जी बातमी येईल तिच्यातलं क्रियापद शोधा आणि ती या चारांपैकी एका रकान्यात टाका. ‘शत्रू हादरला’, ‘खळबळ उडाली’, ‘मोठ्या हालचाली सुरू’ यांतलं काहीच कुठल्या रकान्यात बसत नाही. ते लिहायचं नाही. संध्याकाळी पान बघितलं की दिवसभरच्या चाळीस बातम्यांतल्या चार-पाच उरलेल्या दिसतात.

२०२५ च्या एप्रिल-मे महिन्याचं पान काढून दाखवतो, म्हणजे पद्धत कळेल. २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनला २६ माणसं मारली गेली. हा ‘मारलं’चा रकाना, पण मारणारे अतिरेकी होते, समोरच्या देशाचं सैन्य नव्हे. म्हणून मी नोंदीपुढे कोणी केलं तेही लिहितो. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, आपल्या सरकारने सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला, अटारीची चौकी बंद केली, दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या लष्करी सल्लागारांना परत जायला सांगितलं आणि दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरवलं. हे सगळं ‘बंद केलं’मध्ये. २४ तारखेला पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, व्यापार थांबवला. पुन्हा ‘बंद केलं’. त्याच रात्रीपासून ताबारेषेवर हलक्या हत्यारांचा गोळीबार सुरू झाला, तो ‘मारलं’मध्ये, पण लहान अक्षरात. ३० तारखेला आपण त्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. ३ मे रोजी त्यांनी अब्दाली क्षेपणास्त्राची चाचणी केली, ५ मे रोजी फतहची. या दोन्ही चाचण्या मी ‘बोलले’च्या रकान्यात टाकल्या.

यावर आमच्या कट्ट्यावर वाद झाला. क्षेपणास्त्र उडवलं आणि तुम्ही त्याला बोलणं म्हणता? हो, म्हणतो. ते आपल्यावर पडलं नाही, आपल्याला दिसावं म्हणून उडवलं. ज्या हालचालीचा व्हिडिओ तिचा करणाराच प्रसिद्ध करतो, ती बोलण्यातच मोडते.

मग ७ मे. रात्री एक वाजून पाच मिनिटांपासून दीड वाजेपर्यंत नऊ ठिकाणी हल्ला, ऑपरेशन सिंदूर. आता नोंद मोठ्या अक्षरात ‘मारलं’मध्ये गेली. पण तिथेच न थांबता, सरकारचं मूळ निवेदन वाचायचं. बातमीदाराने त्याचं केलेलं वर्णन नको, मूळ निवेदन. त्यात म्हटलं होतं की कारवाई नेमकी, मोजून-मापून आणि तणाव न वाढवणारी आहे आणि पाकिस्तानच्या कुठल्याही लष्करी ठिकाणाला लक्ष्य केलेलं नाही. काय मारलं याच्याइतकंच काय मारलं नाही, हे मुद्दाम सांगितलं होतं. समोरच्याला मागे फिरायला जागा ठेवलेली होती. २०१९ मध्ये बालाकोटनंतर परराष्ट्र सचिवांनी निवेदन वाचलं, त्यातही ‘बिगरलष्करी’ कारवाई हा शब्द जाणूनबुजून घातलेला होता. निवेदनात असं उघडं ठेवलेलं दार दिसलं की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. पुढच्या दोन दिवसांत समोरचा त्या दारातून जातो की दार फोडतो, यावर सगळं अवलंबून असतं. मे २०२५ मध्ये आधी दार फुटलं, पूंछमध्ये तोफांचे गोळे पडून गावातली माणसं गेली, ड्रोन आले, १० तारखेच्या पहाटे हवाई तळांवर मारा झाला. आणि त्याच दिवशी दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी दोन्ही सैन्यांच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचं, फोनवर बोलणं झालं आणि पाच वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं.

दाखवायची हालचाल आणि करायची हालचाल

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. आमची रेजिमेंट राजस्थानात गेली. टीव्हीवर तेव्हा रणगाडे धूळ उडवत जाताना दिसायचे. आम्ही मात्र पेट्या उतरवत होतो. मोठ्या तोफेचा एक गोळा चाळीस किलोच्या पुढचा असतो. गोळे वेगळे, फ्यूज वेगळे, चार्ज वेगळे. सगळं एका जागी ठेवलं आणि एखादा गोळा वर येऊन पडला तर अख्खी पोझिशन उडेल, म्हणून थोडं थोडं लांब ठेवायचं, खाली फळ्या, वर ताडपत्री, त्यावर जाळी. याला आम्ही ॲम्युनिशन डंप करणं म्हणतो. रात्री थंडीने बोटं वळत नाहीत आणि पेटीचं कडं उघडायचं असतं.

त्यातलं एक काम बाहेरच्या माणसाला कधी दिसत नाही. रोज चार्जचं तापमान घ्यायचं. चार्ज म्हणजे गोळ्यामागची दारू. ती गार असली की सावकाश जळते आणि गोळा अलीकडे पडतो, तापलेली असली की पुढे जातो. म्हणून चार्जच्या पेटीत थर्मामीटर ठेवलेला, आणि त्याचा आकडा ठरलेल्या वेळी कमांड पोस्टला कळवायचा. जानेवारीत घेतला, मार्चमध्ये घेतला, मे महिन्यात वाळू पोळत असताना घेतला. एकही गोळा शत्रूवर टाकला नाही, पण आकडा चुकवला नाही. युद्धाची खरी तयारी अशी असते. ती कंटाळवाणी, खर्चिक आणि कॅमेऱ्यात न मावणारी असते. पाणी, इंधन, गोळे, पूल बांधायचं सामान, दवाखान्यातल्या खाटा, रक्ताच्या पिशव्या. हे जमवायला दिवस नाही, आठवडे लागतात. पराक्रममध्ये सगळं सैन्य जागेवर पोहोचायलाच साधारण तीन आठवडे गेले होते.

आणि त्याच काळात दाखवायची हालचालही भरपूर झाली. २५ जानेवारी २००२ ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, आपण अग्नी उडवलं. १४ मे रोजी कालूचकला जवानांच्या घरांवर हल्ला झाला, बायका-मुलं गेली, आणि त्या दिवसांत आम्हाला खरोखर वाटलं की आता हुकूम येणार. मे महिना संपता संपता पाकिस्तानने लागोपाठ तीन क्षेपणास्त्रांच्या चाचण्या केल्या. हुकूम आला नाही. ऑक्टोबरमध्ये सैन्य मागे घ्यायचा निर्णय झाला. युद्ध झालं नाही, तरी सुरुंग पेरताना आणि काढताना जवान गेले, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मी ते मुद्दाम इथे लिहितोय, कारण ‘नुसता तणाव’ असं म्हणायची लोकांना सवय आहे. नुसत्या तणावातही माणूस मरतो.

आपल्याकडे बांधावरून भांडण लागलं की एक जण काठी घेऊन आरडाओरडा करतो, आणि दुसरा गुपचूप बैल सोडून पोराबाळांना घरी पाठवतो. भिऊन राहावं ते दुसऱ्याला. देशांचंही तेच. म्हणून ‘बोलले’ आणि ‘हलवलं’ या दोन्ही रकान्यांत नोंद करताना तिच्यापुढे खूण करा, हालचाल दाखवलेली की दडवलेली. भाषण, संचलन, लढाऊ विमानांची चित्रफीत, चाचणी, हे दाखवलेलं. सुट्ट्या रद्द होणं, राखीव माणसं बोलावणं, सरहद्दीवरची गावं रिकामी होणं, सरकारी दवाखान्यांना सज्ज राहायचे आदेश, हे त्यांना दाखवायचं नसतं पण लपवता येत नाही, म्हणून ते बाहेर येतं. अशा दडवलेल्या दोन-तीन नोंदी एका आठवड्यात एकत्र आल्या तर मी गंभीर होतो. दाखवलेल्या पंधरा आल्या तरी होत नाही.

लष्करी सरावाच्या बातमीला एकच प्रश्न विचारायचा. आगाऊ कळवलं होतं का? १९८६-८७ मध्ये जनरल सुंदरजी लष्करप्रमुख असताना राजस्थानात ब्रासटॅक्स नावाचा प्रचंड सराव झाला. पाकिस्तानला वाटलं की सरावाच्या नावाखाली हल्लाच येतोय. त्यांनी आपलं सैन्य हलवलं, आपण ते पाहून आपलं हलवलं, आणि जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली. त्याच फेब्रुवारीत झिया उल हक जयपूरला क्रिकेटची कसोटी बघायला आले, ते उगाच नव्हे. पुढे एप्रिल १९९१ मध्ये दोन्ही देशांनी करार केला की मोठे सराव आणि सैन्याच्या मोठ्या हालचाली एकमेकांना आधी कळवायच्या, आणि लढाऊ विमानं एकमेकांच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत न्यायची नाहीत. त्यामुळे कळवून केलेला सराव कितीही मोठा असला तरी मी त्याला घाबरत नाही. न कळवता हललेली एक ब्रिगेड मला जास्त चिंतेची वाटते.

आपल्या नाशिककरांना तर हे जास्त समजायला हवं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तिथे रेंजवर फायरिंग चालूच असतं. दर जानेवारीत तोपची सराव होतो, पाहुण्यांना बोलावून तोफा, रॉकेटं, हेलिकॉप्टर दाखवतात. ओझरला एचएएलचा १९६४ मध्ये उभारलेला कारखाना विमानं बांधतो. आधी मिग, मग सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं तेजस मार्क वन-एही उडालं. बांधलेलं किंवा दुरुस्त केलेलं विमान उडवून बघावंच लागतं. नाशिकरोडला गांधीनगरला लष्करी वैमानिकांचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं. तेव्हा खिडक्या हादरल्या, डोक्यावरून सुखोई गेलं, म्हणजे सीमेवर काही घडलं असं नाही. मे २०२५ मध्ये असा आवाज झाला की दर वेळी ग्रुपवर ‘काहीतरी मोठं चाललंय’ असे निरोप यायचे. आवाज नाशिकमध्ये झालाय, तर आधी कारण नाशिकमध्येच शोधा.

‘नोटॅम जारी’ या बातमीचं काय करायचं

अलीकडे हे फार फिरतं. बंगालच्या उपसागराचा नकाशा, त्यावर लाल पट्टा, आणि खाली थरकाप उडवणारा मजकूर. नोटॅम ही वैमानिकांसाठीची सूचना असते, अमुक दिवशी अमुक वेळेत या भागात उडू नका, एवढंच. रस्त्याच्या कामाच्या सूचनेइतकीच ती उघड असते. शिवाय ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी निदान तीन दिवस आधी एकमेकांना कळवतात. क्रूझ क्षेपणास्त्रं त्या करारात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. बघायचं ते हे की सूचना कुठल्या भागासाठी आहे. ओडिशाच्या किनाऱ्यापलीकडच्या समुद्रासाठी असेल तर चाचणी. सीमेलगतच्या विमानतळांसाठी असेल, तेही प्रवासी विमानं बंद करून, तर गोष्ट वेगळी. ७ मे नंतर उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले होते, ती नोंद मी मोठ्या अक्षरात केली होती.

कोणती तार चालू आहे

वहीच्या मागच्या पानावर मी दोन देशांमधल्या चालू तारांची यादी ठेवतो. तणाव किती आहे यापेक्षा तो थांबवायला कोण कोणाला फोन करू शकतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भारत-पाकिस्तानपुरती यादी अशी: डीजीएमओंची हॉटलाइन, जी १९७१ पासून आहे. उच्चायुक्तालयं, माणसं कमी झाली तरी उघडी आहेत की नाही. आणि आण्विक प्रकल्पांच्या याद्या. ३१ डिसेंबर १९८८ ला करार झाला की एकमेकांच्या आण्विक प्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, आणि त्यासाठी १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या प्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, पराक्रम झालं, मुंबईवर हल्ला झाला, बालाकोट झालं, तरी याद्या दिल्या गेल्या. ही बातमी आतल्या पानावर दोन ओळींची येते. माझ्या दृष्टीने ती वर्षाची सगळ्यात महत्त्वाची बातमी असते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ताबारेषेवरचा गोळीबार थांबला तो याच हॉटलाइनवरच्या बोलण्यातून, आणि १० मे २०२५ लाही तीच उपयोगी पडली. तेव्हा ‘चर्चा कसली करता, ठोका’ असं जे म्हणतात त्यांना माझं सांगणं असतं की ठोकणाऱ्यालाच ती तार सगळ्यात जास्त लागते. चालू तार हे दुबळेपणाचं लक्षण मानणारा माणूस कधी गोळा भरलेल्या तोफेजवळ उभा राहिलेला नसतो.

मला भीती कशाची वाटते

कोणी मुद्दाम युद्ध पुकारेल याची कमी वाटते. चुकीची जास्त.

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडची विमानं हवेत होती. श्रीनगरजवळ बडगामला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत एक स्क्वाड्रन लीडर आमच्या नाशिकचा होता. अमरधामला त्याला निरोप द्यायला अख्खं शहर लोटलं होतं. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं, आणि ही मोठी चूक झाली असं हवाई दलप्रमुखांनी त्याच ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. मी कुणाला दोष देत नाही. ज्यांनी पडद्यावर ठिपका बघून काही सेकंदांत निर्णय घेतला, त्यांच्या जागी बसून बघा. सगळीकडून विमानं येताहेत, प्रत्येक ठिपका शत्रूचा वाटतो. तणाव माणसाला विचार करायला जो वेळ लागतो तोच खातो.

म्हणून माझ्या वहीत एक खूण आणखी असते, विचाराला वेळ किती उरलाय याची. १ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. सगळं वातावरण तापलेलं असताना २६ सप्टेंबरला स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याच्या पडद्यावर अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं येताना दिसली. पाचच कशी, असा विचार त्याने केला आणि यंत्र चुकतंय असं कळवलं. यंत्र खरंच चुकत होतं. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती आणि दिवस शांततेचे होते, म्हणून निभावलं. तेच पहलगामनंतरच्या एखाद्या रात्री झालं असतं तर? हा प्रश्न स्वतःला विचारत जा. ज्या दिवशी दोन्हीकडची विमानं हवेत आहेत, ड्रोन फिरताहेत आणि टीव्हीवर ‘तासाभरात उत्तर द्या’ अशी मागणी चाललीय, तो दिवस धोक्याचा, मग कोणी एकही गोळी झाडलेली नसो.

दुसऱ्यांचे तंटे

हीच वही चीनसाठी वापरता येते, रकाने तेच. फरक इतकाच की प्रत्यक्ष ताबारेषेवर १९९६ च्या करारामुळे बंदूक चालवायची नाही असं ठरलेलं आहे, म्हणून १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले तरी गोळी सुटली नव्हती. तिथे ‘मारलं’पेक्षा ‘हलवलं’चा रकाना बघा. रस्ते, पूल, हेलिपॅड. चीन-तैवानमध्ये विमानं किती आली हा आकडा रोज येतो, त्यावर जाऊ नका. दोन्ही कोरियांमध्ये २०२४ मध्ये कचऱ्याचे फुगे आणि सीमेवरचे भोंगे चालले, तसलं काही ‘बोलले’मध्ये टाका.

मावसभावाचा प्रश्न मात्र तांबड्या समुद्राचा होता. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारा माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. नाशिकच्या द्राक्षांना पोचायला कितीतरी दिवस जास्त लागू लागले आणि भाडं चढलं. त्याला मी सांगितलं की अण्णा, टीव्हीवरचा नकाशा बघू नका, फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटला, दोन गोष्टी विचारा. जहाज कुठल्या मार्गाने जातंय आणि विम्यात युद्धजोखमीचा हप्ता किती लावलाय. विमा कंपनी पैशांनी बोलते, त्यामुळे तिथे बढाई चालत नाही. हप्ता वाढलेला असला तर तणाव खरा. होर्मुझच्या सामुद्रधुनीची बातमी आली तरी हेच विचारा.

नाशिकमध्ये राहून काय करायचं, काय नाही

७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत नाशिक होतं, मनमाड आणि सिन्नरही होते. सायरन ओळखायला शिका. आवाज खाली-वर, खाली-वर होत राहिला तर धोका आहे, आडोशाला जा. एकसुरात वाजला तर धोका टळला. दिवे घालवायला सांगितले तर इन्व्हर्टरवरचे आणि देवघरातलेही घालवायचे. घरात बॅटरी, पाणी, नेहमीची औषधं आणि थोडी रोकड असली की झालं. पोतंभर तांदूळ आणायला धावू नका.

मनमाडला किंवा नाशिकरोडला लष्कराची गाडी दिसली, तोफा लादलेले वॅगन दिसले, ओझरला नेहमीपेक्षा जास्त विमानं दिसली, तर बघा, मनात जय हिंद म्हणा आणि मोबाइल खिशात ठेवा. आम्ही ताडपत्री घालून जे झाकतो ते तुम्ही रील करून उघडं करता. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांनाही लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं बजावलं होतं, तो नियम तुमच्या-माझ्या फोनलाही लागू समजा.

आलेला व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी त्यातलं एक थांबवलेलं चित्र गुगलवर शोधा. त्या मे महिन्यात गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला म्हणून फिरलेला व्हिडिओ २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा होता, आणि बैरूटचा २०२० चा स्फोटही क्षेपणास्त्राचा हल्ला म्हणून फिरला. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार अशीही आवई उठली होती. ज्या शहरात नोटा छापतात त्या शहरातली माणसं त्यावर विश्वास ठेवून रांगेत उभी राहिली तर कसं व्हायचं? सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने हे तिन्ही खोटे ठरवले होते. तिथे बघायला दोन मिनिटं लागतात.

आता जवानाच्या घरच्यांना. त्याला ‘कुठे आहेस’ हे विचारू नका. तो सांगणार नाही आणि न सांगितल्याचं त्याला वाईट वाटत राहील. ‘जेवलास का, झोप झाली का’ एवढं विचारा. फोन दोन दिवस लागला नाही तर बहुतेक वेळा कारण साधं असतं, फोन जमा केलेले असतात. वहिनींना मी सांगून ठेवलंय की वाईट बातमी टीव्हीवरून आधी येत नसते, पलटणीकडून माणूस येतो किंवा फोन येतो. त्यामुळे टीव्ही बंद केला तर काही चुकत नाही. अडचण असली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या घरी जाऊन ‘आता युद्ध होणारच’ असं छाती फुगवून बोलू नये, ही हात जोडून विनंती. ज्या घरातला पोरगा पुढे उभा आहे त्या घरात युद्धाची हौस नसते.

तणाव उतरतोय हे कसं कळतं

गोळीबार थांबला म्हणजे तणाव संपला, असं नसतं. चढताना जे ज्या क्रमाने बंद झालं ते उलट्या क्रमाने उघडताना दिसलं पाहिजे. मे २०२५ नंतर माझं पान बघितलं तर ‘मारलं’ १० तारखेला थांबलं, बंद विमानतळ दोन दिवसांत उघडले, त्याच महिन्यात अटारीचा ध्वज उतरवण्याचा सोहळा पुन्हा सुरू झाला, पण फाटक बंद ठेवून, हस्तांदोलन न करता. हवाई हद्द मात्र महिना-महिना करत दोन्हीकडून बंदच ठेवत गेले. म्हणजे वरची पायरी उतरले, खालच्यांवर अजून उभे. चीनबाबत गलवाननंतर गस्तीची व्यवस्था ठरायला २१ ऑक्टोबर २०२४ उजाडला, मधे कोअर कमांडरांच्या वीसच्या वर बैठका झाल्या. इतका वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा आत्ताच लिहून ठेवा. १ जानेवारीला आण्विक प्रकल्पांच्या याद्या. आणि १ जानेवारी व १ जुलै, अशी वर्षातून दोनदा, एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी. त्यात आपल्या पालघरकडचे कोळीही असतात. त्या दिवशी बातमी शोधा, आतल्या पानावर असेल. याद्या दिल्या गेल्या असतील तर तारखेपुढे बरोबरची खूण करा. नसतील, तर त्या संध्याकाळी मला फोन करा, कितीही वाजलेले असोत.